प्रधानबाईंचं धुक्यातलं उदाहरण

प्रधानबाई मुलांना शाब्दिक उदाहरण एकदा वाचू द्यायच्या आणि लगेच पुस्तक मिटायला लावायच्या. "आता आकडे विसर. गोष्ट सांग मला. कोण आहे, काय करतोय, आणि आपल्याला विचारलंय काय?"

दिल्लीच्या एका शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई आमच्या नोएडाच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. शाब्दिक उदाहरण दिसलं की माझ्या इराच्या पोटात दुखायचं, म्हणून मी तिला त्यांच्याकडे पाठवू लागले. घाबरून ती दिसतील ते आकडे मिळवून मोकळी व्हायची. बाई रागवायच्या नाहीत. "आधी अंदाज कर गं. एका बसमधे पाचशे माणसं, हे उत्तर आलं कसं? टपावर बसवलीस का?" इरा हसायची, पण भीती जात नव्हती. "बाईंना सब कुछ येतं. त्यांना काय कळणार?" असं मला म्हणायची.

त्या जानेवारीत बाई, इरा आणि मी आग्र्याहून सकाळी परत निघालो. माझी आई पुण्याहून पहिल्यांदाच एकटी विमानाने येत होती आणि दुपारी मला विमानतळावर पोचायचं होतं. एक्स्प्रेसवेवर थोडं अंतर गेलो आणि धुक्याने सगळं गिळून टाकलं. पुढचा ट्रक दिसेना, कठडा दिसेना. मी वेग साठवर आणला.

"अजून कमी कर," शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या.

"आई एकटी उभी राहील हो, बाई. वेळेत पोचायला हवं."

"ते नाही विचारलेलं. दिसतंय तेवढ्या अंतरात गाडी थांबेल का, एवढंच विचारलंय. इरा, पुढे किती दिसतंय?"

मागून बारीक आवाज आला. "अपनी क्लास जितनी लंबी... दोन वर्ग, बस."

"म्हणजे पंधरा-वीस मीटर. ताशी साठ म्हणजे सेकंदाला जवळजवळ सतरा. समोर काही दिसून तुझा पाय ब्रेकवर जाईपर्यंत आपण त्याच्यावर आदळलेलो असू."

चारी दिवे लुकलुकत ठेवून मी वेग विसावर आणला. आता भीती मागून येणाऱ्या गाड्यांची होती. मधेच थांबणं त्याहून वाईट. बाई डावीकडची कड बघत राहिल्या, मागे वळून इरा दिवे शोधत राहिली. शेवटी बाहेर पडायचा रस्ता आला आणि मी गाडी खाली घेतली.

ढाब्यापाशी उतरतोय तोच वर रस्त्यावर धाडकन आवाज झाला. मग आणखी एक. मग टायर घासत गेल्याचा, आणि पुन्हा एक. कोणीतरी ओरडत होतं. ढाब्यावरची माणसं तिकडे धावली.

मी आईला फोन लावून दिल्लीला उतरल्यावर विमानतळाच्या आतच बसायला सांगितलं. वळून पाहिलं तर बाईंच्या हातातला चहा हिंदकळून साडीवर सांडत होता. इरा टक लावून बघत होती.

"बाई, तुम्हाला पण डर लागतो?"

"लागतो तर. नवीन उदाहरण पहिल्यांदा वाचलं की दर वेळी लागतो. आजही."

इराने त्यांच्या हातातला ग्लास काढून घेतला आणि त्यांना चिकटून बसली.

पुढचा हिवाळा बाईंनी पाहिला नाही. इरा आता नववीत आहे. परीक्षेच्या सकाळी अजूनही पोटात दुखतं तिच्या. तसं मला सांगते, आणि पेपरला जाते.