जगतापकाकांचे मासे

घरातला मासा मेला की जगतापकाका हात जोडायचे. दुःखाने नव्हे, समाधानाने. पोट वर करून पाण्यावर तरंगणाऱ्या त्या सोनेरी माशाकडे बघत म्हणायचे, "घेतलं बघा बाई ह्येनं. आपल्या घरावर येनारं ह्येनं अंगावर घेतलं." मग चहाच्या गाळण्याने तो उचलायचे, वर्तमानपत्रात गुंडाळायचे आणि कॉलनीमागच्या नाल्याकडे टाकून यायचे. परत येताना चेहरा कसा, तर वीजबिल भरून आलेल्या माणसासारखा निश्चिंत. गाळणं जुनं होतं म्हणे. पण ते धुऊन पुन्हा ओट्यावरच टांगलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आणि त्यांच्या घरचा चहा त्या दिवसापासून सोडला.

खांदेश्वरला आम्ही समोरासमोर राहत होतो. तिसरा मजला, लिफ्ट नाही. मी शाळेत शिकवायचे, म्हणून ते मला बाई म्हणत. ते रबाळ्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. मूळचे सांगलीकडचे, गळ्यात तुळशीची माळ, कांदा-लसूणसुद्धा जपून. आम्ही वेंगुर्ल्याचे. आमच्याकडे बांगडा तव्यावर पडला की समोरचं दार धाडकन बंद व्हायचं. "बाई, राग मानू नगा, पन मला त्यो वास सोसत न्हाई," असं ते दुसऱ्या दिवशी हात जोडून सांगायचे. पुढे वर्षभराने याच माणसाच्या दिवाणखान्यातून कुजलेल्या माशांचा वास येऊ लागला आणि दार बंद करायची पाळी माझ्यावर आली! आम्ही मासे खातो. असे मारत नाही.

घरोघरी केबल आणि काचेची टाकी एकदमच आली, तो काळ. जगतापकाकांच्या टाकीला मात्र कारण होतं. सुमनकाकूंच्या हृदयाची झडप खराब होती. चार पायऱ्या चढल्या की त्या कठड्याला धरून उभ्या राहत आणि ओठ निळसर दिसत. ऑपरेशन करायचं ठरलं होतं, पण मुंबईच्या इस्पितळात तारीख मिळत नव्हती. कारखान्यातल्या कोणीतरी काकांच्या डोक्यात भरवलं की घरात मासे ठेवा, घरच्या माणसावरचं संकट मासा आपल्यावर घेतो. झालं. रविवारी काचवाल्याकडून टाकी आली, आणि माझ्या घरी आधीपासून मासे होते म्हणून ती लावून द्यायला मला बोलावणं आलं.

मी मनापासून लावून दिली. खाली थर्मोकोल घातला, काच मिठाने घासली, साबणाला हात लावू दिला नाही. बारीक खडी बादलीत इतकी धुतली की पाणी पिण्याजोगं दिसू लागलं. पंप लावला, मागे निळं चित्र चिकटवलं. आणि बजावलं, "काका, आता दोन-तीन आठवडे नुसतं पाणी फिरू द्यायचं. घाण पचवणारे जंतू त्यात आधी तयार व्हायला हवेत. लोणचं घातल्या दिवशी कोणी खातं का? मुरू द्या."

"रिकामी टाकी घरात?" काका म्हणाले. "रिकामा देव्हारा ठेवत्यात का कुनी?"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी पिशवीभर मासे आणून ओतले. आठवडा संपायच्या आत पाणी पिठाळ झालं आणि एकेक मासा तोंड वर काढून मरू लागला. मी संतापले, काका हात जोडून उभे. "मासा न्हाई मेला बाई, पीडा मेली." मेला की नवा आणायचे. स्टोअरच्या भाषेत सांगायचे, "एक पीस गेला, दुसरा इश्यू करायचा. टेन्शन न्हाई घ्यायचं." पाणी गढूळ, तळाशी कुजलेलं खाद्य, काचेला बोटाला लागेल असा बुळबुळीत थर आणि त्यात कालचा एक आणि आजचे दोन. समोर बसून हा माळकरी माणूस शांतपणे भाकरी-पिठलं खायचा. त्यांच्या दारात नुसतं उभं राहायचं तरी मी नाकाला पदर लावायचे. कितीदा सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी.

आणि हाच माणूस पहाटे उठून घरातले सगळे हंडे भरायचा, कारण काकूंनी बादली उचलायची नाही. भाकऱ्या स्वतः थापायचा, काकूंपेक्षा गोल. डॉक्टरकडे जायच्या दिवशी बायकोला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरायचा आणि चढायचा. जिन्यात कोणी हसलं तर म्हणायचा, "माजी बायकू हाय, सिमिटाचं पोतं न्हाई. लाजायचं काय त्यात?" हे मी रोज बघत होते, म्हणून तर त्या टाकीचा मला जास्तच संताप यायचा. इतक्या हळुवार हातांनी इतकी घाण करावी?

शेवटी काकूंनीच मला बोलावलं. काका कामावर गेले होते. "बाई, ह्ये मासं मरताना बघवत न्हाई. दिसभर मी हितंच बसलेली आसते. ह्ये तोंड उघडत्यात, मीबी उघडते." मी पदर खोचला. नाकाला रुमाल बांधून सगळी खडी उपसली, आतला काळा चिखल मोरीत ओतला, दोनदा ओकारी आवरली. टाकी पुन्हा पहिल्यापासून लावली. या वेळी काकूंनी नवऱ्याला खडसावलं, "मी सांगेपत्तुर मासा आनायचा न्हाई." आणि काकांनी ऐकलं. बायकोचं ते ऐकायचे.

मग आणलेले मासे जगले. सोनेरी पाच-सहा आणि एक मोठ्या डोळ्यांचा काळा. काकू काचेवर बोट फिरवत आणि तो काळा बोटामागून फिरे. "मला वळखतंय त्ये," काकू सांगायच्या. ज्या बाईला खिडकीपर्यंत जायला दम लागे, तिला तेवढंच गाव, तेवढीच माणसं. टाकीचा वास गेला. मीही पुन्हा त्यांच्या घरी बसू लागले, चहा मात्र नाही.

अस्वस्थ झाले ते फक्त काका. जिन्यात गाठून कुजबुजायचे, "बाई, येवढे म्हयने झाले, येकबी गेला न्हाई."

"मग चांगलंच की!"

"कसलं चांगलं? मंग आता येनारं जातंय कुठं?"

मी हसले. ते हसत नव्हते, हे मला दिसलं होतं.

ऑपरेशनची तारीख आली. काकूंना दोन दिवस आधी दाखल केलं. काका तिकडेच राहणार म्हणून माशांना खाद्य घालायला किल्ली माझ्याकडे दिली होती. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी मी दार उघडलं आणि फिनाइलचा भपकारा नाकात शिरला. टाकीतलं पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि वर सगळे सोनेरी तरंगत होते. कपडे न्यायला घरी आलेले काका खुर्चीवर बसले होते, आंघोळ करून, कपाळाला बुक्का लावून. बाटली पायाशी होती.

"काका, हे काय केलंत?"

"उद्या टेबलावर घेनार हैत तिला."

"म्हणून यांना फिनाइल घातलंत?"

"मंग काय करू? आपसूक एकबी जाईना. ह्ये ऱ्हायले आसते आन ती..."

काळा मासा अजून जिवंत होता. एका बाजूला कलंडून तोंड उघडत, मिटत होता. मी मोरीतला प्लास्टिकचा मग घेऊन धावले तर त्यांनी माझा हात धरला. एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी स्पर्श केला नव्हता. "ऱ्हाऊ द्या त्याला. त्येनं अजून घेतलं न्हाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आयुष्यात मला एखाद्या माणसाची इतकी शिसारी आली नाही. त्या माळेची, त्या बुक्क्याची, माझ्या मनगटावरच्या त्या ओल्या बोटांची. मी हात हिसडला, काळ्याला मगात घेतलं, माझ्या घरी नेऊन स्वच्छ पाण्यात सोडलं. तो थोड्या वेळाने गेलाच. मी मनगट साबणाने घासत बसले. तो प्लास्टिकचा मगही फेकून दिला.

काकू वाचल्या. डॉक्टर चांगले होते, झडप नीट बसली, एवढंच. पण काका पेढे घेऊन दारात आले ते विजयी मुद्रेने. "बगा! तुमी चिडला हुता." प्रसाद नाकारू नये म्हणतात. मी नाकारला. मला त्या पेढ्यालाही फिनाइलचा वास येत होता.

काकूंना त्यांनी काही लपवलं नाही. घरी आल्या आल्या काकूंनी रिकामी टाकी बघितली, काळा कुठे म्हणून विचारलं, आणि काकांनी सगळं सांगितलं, मोठ्या हौसेने, दागिना करून आणल्यासारखं. मी तिथेच होते. काकूंनी छातीवरच्या टाक्यांवर हात ठेवला.

"मला इचारलं हुतं का?"

"तू वाचलीस न्हवं?" काका म्हणाले.

"मला इचारलं हुतं का?"

टाकी त्याच आठवड्यात भंगारवाल्याला दिली. काकूंनी पुन्हा मासा घरात येऊ दिला नाही आणि बरेच दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोलल्या. काका ते सोसत राहिले. हंडे भरत, भाकऱ्या थापत. मला जिन्यात म्हणाले, "बोलंना का न्हाई, पन श्वास घेतीया ना. मी रातच्याला ऐकतो."

दोनेक वर्षांनी ते गेले. रबाळ्याहून परतताना कंपनीच्या बसमध्ये, बसल्या जागी. बाकीच्यांना वाटलं, झोपलेत. धडधाकट माणूस, ज्याच्या छातीकडे कोणी कधी बघितलंच नव्हतं.

तेराव्यानंतर पाहुणे पांगले तेव्हा मी काकूंजवळ जाऊन बसले. काकांबद्दल चांगलं काहीतरी बोलावं म्हणून शब्द शोधत होते. खरं सांगायचं तर माझ्या मनातून ती सकाळ गेली नव्हती. काकूच बोलल्या. भिंतीकडे बघत, अगदी साध्या आवाजात.

"बाई, त्येनी माझ्यासाठी टाकी भरून ठेवली. मी त्येंच्यासाठी रिकामीबी ठिवली न्हाई."

"काकू, असं काही नसतं हो. माशांनी कोणी वाचत नाही."

"म्हाईत हाय मला," काकू म्हणाल्या. "त्या काळ्याची आठवन आली तर अजून मला घास जात न्हाई. पन त्ये जानार हैत म्हून कुनी आधी सांगितलं आसतं ना, तर म्या माझ्या हातानं फिनेल ओतलं आसतं."