कानाचं नाक

आमच्या भागात बाईचं नाक तुटलेलं दिसलं की जखम कशी झाली, हे कुणी विचारत नाही. हिनं काय केलं असेल, याचाच विचार आधी होतो. कराडच्या एसटी स्टँडवर एका अनोळखी बाईनं मला तोंडावरच विचारलं, "नवऱ्यानं कापलं व्हय गं?" मी तेव्हा शाळेत होते, लग्नाचा पत्ता नव्हता. "बैलानं," मी म्हणाले, "आन् तुमाला इचारून न्हाई कापलं." शेजारी बसलेल्या आईनं माझ्या मांडीला चिमटा काढला आणि माझ्या तोंडावर पदर ओढला. मी तो परत मागे सारला.

बैलानंच कापलं होतं. मोठा दुष्काळ सरल्यावरचा तो पहिलाच धड बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा पोळा. बैलांना धुऊन, शिंगांना हिंगुळाचा लाल रंग लावून टोकांवर पितळी शेंब्या बसवायचं काम दरवर्षी माझं. गोमाशी बसली म्हणून बैलानं मान झटकली आणि शेंबीची कड माझ्या डाव्या नाकपुडीतून आरपार गेली. जखम भरली, पण नाकपुडीची कड गेली ती गेलीच. तिथं उंदरानं कुरतडल्यासारखी खाच राहिली. बैलावर मी कधी रागावले नाही. त्याची काय चूक? राग आला तो माणसांचा. "आता हिला पदरात घ्यायला कोन येतंय," असं माझ्या देखत बोलणाऱ्या भावकीचा तर फारच.

वडील लष्करात हवालदार होते. पुण्याच्या लष्करी दवाखान्यात त्यांनी एक जवान पाहिला होता. त्याचं गोळीनं उडालेलं नाक डॉक्टरांनी पुन्हा उभं केलं होतं. सुट्टीवर आले, माझं तोंड पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी मला आणि आईला घेऊन सांगलीला निघाले. तिथं असली कामं करणारे एक सर्जन होते.

सर्जननी माझं नाक पाहिलं, मग कान पाहिले. कानाची वरची कड जिथं गालाकडून सुरू होते, तिथला कातडीसकट कुर्चेचा छोटा तुकडा काढायचा आणि नाकपुडीच्या खाचेत शिवायचा, असं त्यांनी समजावलं. कुर्चा म्हणजे कानातलं ते लवचिक, हाडासारखं पण हाड नसलेलं. ती आत असली की नाकपुडी आकार धरते, नुसती कातडी आक्रसून जाते. कान थोडा लहान होईल, पण कुणाच्या ध्यानात यायचं नाही.

आई घाबरली. "नाकासाठी कान तोडायचा? मग बुगडी कुठं घालायची तिनं?"

वडील पुढं सरकले. "आवं डाक्टर, पोरीच्या कानाला हात लावू नका. माझा घ्या. ह्यो बगा, मोठा हाय. लागंल तेवढा कापा."

"दुसऱ्याचा चालत नाही," सर्जन म्हणाले. "शरीर परकं मांस ठेवून घेत नाही."

"परका व्हय मी? बाप हाय तिचा."

सर्जन हसले नाहीत. त्यांनी वडिलांना बसवून पुन्हा सगळं सांगितलं. वडिलांचा चेहरा मात्र पडला. लढाईवर नाव न लागलेल्या शिपायासारखे ते बाकावर बसून राहिले. मला त्यांच्याबद्दल इतकी माया त्याआधी कधी वाटली नव्हती.

मी म्हणाले, "माझाच कान घ्या. मला चालतंय."

ऑपरेशन झालं. पट्टी काढली तेव्हा शिवलेला तुकडा निळा-जांभळा पडला होता. नेमकी त्याच वेळी आत्या भेटायला आलेली. तिनं पिशवीतून हळद आणि लोणी काढलं. "कुजलं गं बया. लेप दे, न्हाईतर सगळं नाक सडंल." गावात कापलं-खरचटलं की हेच औषध, आणि एरवी ते लागूही पडायचं. पण सर्जन सांगून गेले होते की तुकड्यात नवं रक्त शिरताना तो असाच दिसतो, त्याला बोटही लावायचं नाही. मी उशी दोन्ही हातांनी तोंडासमोर धरली आणि आत्याला म्हणाले, "जवळ आलीस तर चावीन." ती रुसून गेली. मी आरसा मागून घेतला आणि रोज त्या तुकड्याकडे डोळे वटारून पाहत राहिले. जांभळा रंग हळूहळू उतरला आणि एका सकाळी तिथं गुलाबी झाक दिसली. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं हसले.

घरी सोडताना आईनं सर्जनना बाजूला घेतलं. नथीपुरतं भोक तरी पाडता येईल का, एवढंच तिला विचारायचं होतं. "भोक नाही आणि चापाची नथही नाही," ते म्हणाले. "दाब बसला तर केलेलं सगळं वाया जाईल." तिच्या मनात लेकीचं लग्न आणि नथ या दोन गोष्टी नव्हत्याच, एकच होती.

पुढं औंधकडचं स्थळ आलं. मी त्यांना आधीच सांगितलं होतं, माझं अर्धं नाक कानाचं आहे. मुलगा म्हणाला, ऐकू येतंय ना, मग झालं. पण मांडवात, अंतरपाट धरायच्या आधी, त्याची चुलती चापाची नथ घेऊन पुढं आली. मी मान मागं घेतली.

"मला न्हाई चालायची."

"नथीबिगर नवरी? अक्षता पडायच्या न्हाईत मग."

"नका पाडू."

नवऱ्यामुलानं खाली पाहिलं. उठून जायची वेळ आली तर जायचं, हे माझं ठरलं होतं. तेवढ्यात आई पुढं आली. मला वाटलं, आता पाया पडून मला राजी करणार. तिनं स्वतःच्या नाकातली नथ काढली. माझे वडील समोर फेटा बांधून उभे असताना, सवाष्ण बाईनं, भर मांडवात. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

नथ मुठीत धरून ती चुलतीला म्हणाली, "आता दोघी सारख्याच. पाडा अक्षता."

अक्षता पडल्या. आईनं त्यानंतर कुठल्याच लग्नाकार्यात नथ घातली नाही. कुणी विचारलं तर एवढंच म्हणायची, "माझी लेक घालत न्हाई."