अंगारकीची मॅच

तुम्ही दोघं तिकडे ज्याला सॉकर म्हणता, त्या खेळाच्या संघाची मी एक वर्ष प्रमुख होते, हे तुमच्या आईला खरं वाटत नाही. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मी तेव्हा कॉलेजात इंग्रजी शिकवत असे. नोकरीला नवीन होते. एके दिवशी प्राचार्यांनी बोलावलं आणि म्हणाले, "फुटबॉलचं तुम्ही बघा."

मी म्हटलं, "सर, मी आयुष्यात चेंडूला पाय लावलेला नाही."

"आमच्या मुलांनीही फारसा लावलेला नाही. पण नियमांचं पुस्तक इंग्रजीत आहे आणि इंग्रजी तुमचा विषय." मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. संघ दर वर्षी पहिल्याच फेरीत हरत असे. या वर्षी एक तरी मॅच जिंकली तर ठीक, नाहीतर संघ बंद आणि मैदान हॉकीला.

मी नियमांचं पुस्तक दोनदा वाचलं. ऑफसाइडचं पान चारदा वाचूनही डोक्यात शिरलं नाही.

संघातली निम्मी मुलं कॅम्पातली मुसलमान घरांतली, निम्मी शनिवार पेठेच्या आसपासची. कप्तान कॅम्पातला. त्याच्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. त्याचं कॉलेजातलं ते शेवटचं वर्ष. संघ बंद होणार हे ऐकल्यावर तो मला एवढंच म्हणाला, "बाई, माझ्या हातून बंद व्हायला नको." त्यानंतर तो सकाळी स्वतः सायकलवर पेठेत जाऊन मुलांना उठवून आणू लागला. पेठेतल्या एका आजोबांनी त्याला गॅलरीतून विचारलं होतं, "दूधवाले बदलले का हो?"

मॅचची तारीख लागली. थंडीचे दिवस, मंगळवार, दुपारी साडेचार. रमझान चालू होता, म्हणजे कॅम्पातल्या मुलांना रोजे. पहाटेपासून सूर्य मावळेपर्यंत पाणीसुद्धा नाही. मी काळजीने पेठेतल्या मुलांना म्हटलं, "त्या दिवशी पळण्याचं काम तुम्ही करायचं."

आमचा गोलकीपर पुढे आला. उंचापुरा, गोरा, अतिशय नम्र मुलगा. "बाई, त्या दिवशी अंगारकी आहे."

मंगळवारी संकष्टी आली की ती अंगारकी. एरवी उपास न करणारी माणसंही पुण्यात त्या दिवशी उपास करतात. चंद्र उगवेपर्यंत जेवण नाही. म्हणजे माझा अख्खा संघ उपाशी! तारीख बदलून मागावी असं मला वाटलं. कप्तान म्हणाला, "नको बाई. घाबरले म्हणतील."

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात यायला हवी होती. आमच्याकडचा उपास कसा असतो, हे मला माहीत नव्हतं थोडंच? मुलाची मॅच म्हणून प्रत्येक आईने त्या दिवशी हात सैल सोडला होता. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, वर शेंगदाण्याचे लाडू. पेठेतली मुलं मैदानावर आली ती लग्नाच्या पंगतीतून उठून आल्यासारखी. गोलकीपरने तर फडक्यात खजूरही बांधून आणला होता, मध्येच अशक्तपणा वाटला तर असावा म्हणून.

पंचांची सायकल पंक्चर झाली, त्यामुळे खेळ उशिरा सुरू झाला. समोरच्या संघात लोणी काळभोरकडची मुलं होती, काटक आणि चपळ. त्यांच्या गावची माणसं कडेला बसून आमचं कौतुक करत होती. "आरं, त्यो गडी हाय का पोतं हाय?" हे आमच्या बॅकला उद्देशून होतं. पहिल्या अर्ध्यातच त्यांनी एक गोल चढवला. आमची कॅम्पातली मुलं कोरड्या तोंडानं पळत होती आणि पेठेतली पोटावर हात ठेवून चालत होती.

मध्यंतरात कप्तान घाम पुसत पेठेतल्या मुलांकडे आला. "काय रे, काय खाल्लंय?"

"उपास आहे," गोलकीपर म्हणाला.

"उपास मलाही आहे!"

मग तो स्वतःच हसला. "बरं. तुम्हाला पळता येत नाही ना? मग पळू नका. सगळे गोलपुढे भिंतीसारखे उभे राहा. पळायचं आम्ही बघतो."

आणि खरोखरच त्यांनी बरोबरी साधली. एकेक गोल. पण बरोबरीनं आमचं भागणार नव्हतं. ऊन उतरलं. चेंडू त्यांच्या गोलजवळ घोटाळत होता, एवढ्यात कॅम्पाच्या बाजूनं अजान ऐकू आली. रोजा सुटला.

आमच्या गोलकीपरने फडकं सोडलं, दोन खजूर घेतले, आणि गोल सोडून शांतपणे मैदानाच्या मध्यापर्यंत चालत गेला. चेंडूमागे पळून मागे येत असलेल्या कप्तानापुढे त्यानं हात केला. "घ्या, आधी सोडा."

कप्तानाने खजूर तोंडात टाकला आणि मग त्याला दिसलं की समोर उभा आहे तो आपला गोलकीपर आहे. तोंड भरलेलं असल्यामुळे त्याला ओरडताही येईना. समोरच्यांनाही ते दिसलं. त्यांनी लांबून जोरदार चेंडू मारला, सरळ आमच्या रिकाम्या गोलाकडे. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले. चेंडू गेला तो भिंतीतल्या त्या "पोत्या"च्या पोटावर आदळला आणि तितक्याच जोरानं परत मध्यावर आला. त्यांची सगळी मुलं पुढे धावून आलेली. कप्तान आमच्याच अर्ध्यात होता म्हणून ऑफसाइड नव्हता. तो नियम मला त्या क्षणी लख्ख समजला. खजुराची बी गालात धरून तो एकटा पळत गेला आणि गोल केला.

नियमांच्या पुस्तकात गोलकीपरने खजूर वाटू नये असं कुठेही म्हटलेलं नाही. मी घरी जाऊन पाहिलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य म्हणाले, "जिंकलात म्हणे. चुकून का?"

"हो सर."

"हरकत नाही. अटीत तसं काही नव्हतं."

ईद झाल्यावर पुढच्या फेरीत आम्ही चार गोलांनी हरलो. तरी कोणी फारसं मनाला लावून घेतलं नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडलं आणि फलकावर फुटबॉलच्या निवडीची सूचना लागली. कप्तान तोवर पदवी घेऊन बाहेर पडला होता, दुकानात बसत होता. तरी तो सायकल मारत आला, फलकापुढे उभा राहिला आणि ती सूचना वरपासून खालपर्यंत वाचली. मी मागेच उभी होते.

"बाई, वेळ चार लिहिलीय," तो म्हणाला. "साडेतीन करा. पेठेतली मुलं उशिरा येतात."