सरांची वर्गवारी आणि आम्ही चौघे वसईकर

वकिलांकडे किस्से तुंबतात ते दिवाणी दाव्यांसारखे! एक निकालात काढावा, तर त्यातून दोन अपिलं निघतात. आमच्या चौकडीचं तर विचारूच नका. मी, वसईतल्या होळी भागातला पास्कू, नायगावचा दिनकर आणि पाचूबंदरचा हरी. देश नुकताच स्वतंत्र झाला होता आणि आम्ही मुंबईच्या एका लॉ कॉलेजात शेवटच्या वर्षाला होतो.

त्या वर्षी आम्हाला कायद्यापेक्षा अवघड विषय लागला, तो म्हणजे सरांची वर्गवारी. सर निवृत्त न्यायाधीश. पेपरात किती मार्क पडले याला त्यांच्या लेखी किंमत नव्हती. वर्गात तुम्ही कुठे उभे आहात, एवढंच ते बघत. वरच्या चौथाईला 'अ', मधल्यांना 'ब', उरलेल्यांना 'क'. खेळ खलास!

वसईतले एक बडे वकील ज्युनिअर म्हणून फक्त 'अ'वाला घेत. आणि हरीच्या बाने त्याला बजावून ठेवलं होतं, "अ आला तं कोट, नाय तं डोल!" डोल म्हणजे आमच्या दर्यात लावतात ते मोठं जाळं. हरीला जाळ्याची लाज नव्हती, पण वकील व्हायचं त्याने शाळेपासून मनात धरलं होतं. आम्हा तिघांनाही ते त्याच्यासाठी हवं होतं, अगदी मनापासून.

* * *

सहामाहीचा निकाल लागला. दिनकरला गेल्या वेळेपेक्षा चांगले दहा मार्क जास्त, आणि वर्ग 'ब'वरून 'क'!

गडी तणतणत सरांकडे गेला. "सर, मी सुधारलो, तरी खाली कसा?"

सरांनी चष्मा पुसला. "तू सुधारलास हे खरं आहे. पण बाकीच्यांनी तुला न विचारता तेच केलं."

दिनकर परत आला तो थेट वहीत जागांचा हिशेब मांडत बसला.

* * *

मग त्याच्या सुपीक डोक्यातून योजना निघाली. सगळ्या वर्गाने मिळून कमी लिहायचं! जागा तेवढ्याच राहणार, मग मरमर करायची कशाला? सहापैकी चारच प्रश्न सोडवायचे असं ठरलं. दिनकरने बेलभंडारा उचलला, पास्कूने गळ्यातला क्रूस हातात धरून शपथ घेतली.

परीक्षेत पाचव्या प्रश्नाची वेळ आली आणि सगळा वर्ग खाली मान घालून लिहितोय! शपथेवरचा दिनकर तर पुरवणी मागत होता.

बाहेर आल्यावर मी त्याला धरला. तो शांतपणे म्हणाला, "करार कायदा, कलम तेवीस! लोकहिताविरुद्धचा करार मुळातच रद्दबातल."

पास्कूचं मन मात्र खात होतं. तो शनिवारी कुमसाराला, म्हणजे पापाची कबुली द्यायला, गेला. फादरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाचवा प्रश्न बरोबर आला का रे?"

"होय फादर."

"मग शपथ घेतल्याचं प्रायश्चित्त कर. मोडल्याचं राहू दे!"

* * *

दिनकरने ही वर्गवारी घरी आईला समजावून सांगितली, हीच चूक झाली. माउलीने आधीच विरारच्या डोंगरावरच्या जीवदानीला नवस बोललेला, 'माझा दिनू चांगला लिहू दे.' आता तिला कळलं की नुसतं चांगलं लिहून भागत नाही. ती पुन्हा डोंगर चढली आणि देवीला म्हणाली, "बाकीच्या पोरांना काय आठवू देऊ नको!"

घरी येऊन पाणी पिते न पिते, तोच तिच्या ध्यानात आलं, की बाकीच्या पोरांत हरी, पास्कू आणि मी पण आलो! आम्ही तिघं तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेलो. दुसऱ्या दिवशी बाई तिसऱ्यांदा डोंगरावर!

दिनकर म्हणाला, "अगं, देवी काय म्हणेल?"

"म्हनेल काय? नीट समजून घेऊन ये, म्हनेल!"

* * *

वर्गात रमणिक नावाचा एक शेठचा मुलगा होता. कायम शेवटचा, आणि कायम आनंदी. हिवाळ्यात त्याने जाहीर केलं, "कॉलेज सोडतो, पेढीवर बसतो."

आमच्या पायाखालची वाळू सरकली! तो गेला की वर्ग लहान, म्हणजे वरची चौथाईही लहान. हरी तसाच काठावर होता. रमणिकला कसंही करून टिकवायला हवं होतं.

पास्कूने वाडीवरची सुकेळी आणली. केळ्याच्या पानात बांधलेली ती वाळवलेली, मधाळ केळी खाऊन रमणिक विरघळला. रोज सुकेळी, आणि रोज तासभर शिकवणी! त्याचा हुरूप टिकावा म्हणून आम्ही चौघे जीव तोडून शिकवत होतो.

पुढच्या परीक्षेत रमणिक माझ्या वर आला, पास्कूच्याही वर आला.

पास्कू एवढंच म्हणाला, "सुकेळी आपण खाल्ली असती तर!"

* * *

शेवटी आली तोंडी परीक्षा. हरी आत गेला, आम्ही दाराला कान लावून उभे. सर म्हणाले, "यंदा अर्धा वर्ग 'अ'च्या लायकीचा आहे आणि जागा चौथाईच्या. तू काठावर आहेस. तुला वर घ्यायचं तर खाली कोणाला ढकलू, ते तूच सांग."

आम्ही कान आणखी घट्ट लावले.

हरी म्हणाला, "सर, आमच्या बंदरावर कधी जाळंभर पापलेटच येतं. तेव्हा उरलेलं पापलेट कोणी बोंबलाच्या टोपलीत टाकत नाही. दुसरी टोपली मागवतात!"

मग सरांचा आवाज आला, "शिपाई, फलकावर लावायला दिलेला निकाल परत आण. नवीन लिहायचाय."

अर्धा वर्ग 'अ'! आम्ही चौघे त्यात, आणि रमणिकसुद्धा!

संध्याकाळी आम्ही हरीला जवळजवळ उचलूनच पाचूबंदरला नेला. बा होडीशेजारी जाळं विणत बसला होता.

"बा, अ आला!"

"तुझ्यासंगं किती जनांना?"

"अर्ध्या वर्गाला."

बाने सुई खाली ठेवली. "अर्ध्या? मंग भाव पडला की रं!"

असं म्हणून तो उठला, घरात गेला आणि काळा कोट घेऊन बाहेर आला. नवा कोरा, शिवून तयार. हरीच्या अंगात बरोबर बसला.