बाहेरून लावायची कडी

वहिनीचा फोन आला तेव्हा मी दुर्ग स्टेशनवर ड्युटीवर होतो. "तुमचे दादा गेले जी," ती म्हणाली. अशा वेळी माणूस कधी, कसं असं विचारतो. मी विचारलं, "दाराची कडी लावलेली होती का?" ती म्हणाली, "उघडी होती. दारू पेले नव्हते. झोपेतच हार्ट बंद पडलं." तेव्हा कुठं मला रडू आलं.

दामूदादा माझा थोरला भाऊ. भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये कोक ओव्हनच्या भट्टीवर होता. त्याच्याच क्वार्टरमध्ये राहून मी शिकलो. एरवी जीव लावणारा माणूस, पण दारू पोटात गेली की घरातली भांडी हत्यारं व्हायची. वहिनीच्या भुवईवरचा टाक्यांचा व्रण चिमट्याचा आहे. माझा समोरचा दात खोटा आहे. खरा त्यानं कुकरच्या झाकणानं पाडला. वर सकाळी चहा पिताना मलाच विचारलं, "दात कुठं पाडून आला बे?" त्याला खरंच आठवत नसे, आणि सांगायची आमची छाती नव्हती.

एका रात्री तो बी शिफ्टवरून न पिता आला. केबलवर विलायती सिनेमा लागला होता, हिंदीत डब केलेला. धुक्यातलं दगडी गाव, वर पूर्ण चंद्र, आणि एका माणसाचा लांडगा होत होता. पाठीचे मणके कातडीखालून कडाकड वर आले, जबडा फाटून पुढं आला. वहिनीनं पदरानं डोळे झाकले. दादा मांडीवर ताट घेऊन हसत होता. "इंग्रजाचा लांडगा, अन् हिंदीत गुरगुरून राहिला!" लांडग्यानं एका मेंढपाळाचा गळा फोडला, आतडी बाहेर ओढली, आणि दादा वहिनीकडं आणखी भाजी मागत होता. मग सिनेमात सकाळ झाली. तो माणूस अंगणात उघडा पडला होता, कोपरापर्यंत रक्तानं माखलेला, आणि बायकोलाच विचारत होता की हे रक्त कुणाचं?

दादाचा घास हातातच राहिला. प्लांटकडं भट्टीतला तापलेला मळ, स्लॅग, ओतला असावा, खिडकी लाल झाली होती. तो वहिनीच्या भुवईकडं बघत राहिला. टाके अजून ओले होते.

"हे मी केलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी खोटा दात काढला आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यानं पॉवर हाऊस भागातल्या बाजारातून लोखंडी कडी आणली आणि मागच्या खोलीच्या दाराला बाहेरून ठोकली. "पिऊन आलो का मले अंदर ढकला अन् कडी लावा. रडलो, मेलो म्हटलं, तरी उघडू नका." दारू सुटली असं लिहायला मला आवडलं असतं. सुटली नाही. पहिल्याच रात्री त्यानं दार फोडायचंच काय ते बाकी ठेवलं. लाथा, आईवरून शिव्या, फळीवर डोकं आपटल्याचे आवाज... वहिनी आणि मी दाराला पाठ लावून बसलो होतो. पहाटे आतून आवाज आला, "उघड आता. मीच आहो." कपाळ फुटलेलं, बोटांची सालं निघालेली. त्यानं हात उलटेपालटे करून पाहिले. "आज रक्त माझंच हाय ना?"

"तुमचंच हाय," वहिनी म्हणाली, आणि तो हसला. पुढं बावीस वर्षं त्यानं कुणाला बोट लावलं नाही. आणि तितकी वर्षं मला एकच भीती होती, की एखाद्या रात्री तो आत खरंच मरत असेल आणि आम्ही उघडणार नाही.

मी पीत नाही. म्हणून मी स्वतःला त्याच्यापेक्षा बरा समजत आलो. दादाच्या तेरवीच्या दिवशी माझ्या पोराच्या हातून वरणाचं पातेलं सांडलं आणि माझा हात वर गेला. पोरानं झटकन मान खाली घातली, कोपर डोक्यावर धरलं. वहिनी समोरच उभी होती. दादासमोर ती अगदी अशीच मान खाली घालायची. मला स्वतःची किळस आली.

रात्री माझं अंथरूण मागच्या खोलीत टाकलं होतं. वहिनी निजायच्या आधी आली, सवयीनं कडीला हात घातला आणि ओशाळली. "ध्यानातच राह्यलं नाही, भाऊजी."

"लावा."

"कावून? तुमी तं पेत नाही."

"नाही पेत. तरी लावा."

तिनं दार ओढून घेतलं. मग तिनं कडी लावली. पलीकडच्या खोलीत माझा पोरगा झोपला होता.