भाकरतुकडा

बोटीवर एकटी जाणारी बाई कशी दिसते, ते मला चढताना काढलेल्या फोटोवरून कळलं. मागे पडद्यावर रंगवलेला निळाशार समुद्र, बाजूला लाल-पांढरं रबरी चाक, आणि मधे मी. डोक्यावर गवती हॅट, डोळ्यांवर गॉगल, अंगात लेकीने आणलेली फुलाफुलांची कुर्ती, केस मोकळे, आणि चेहरा मात्र रेशनच्या रांगेत उभी असल्यासारखा. फोटोवाल्याने कॅमेरा डोळ्याला लावला, परत खाली घेतला आणि माझ्या पाठीमागे डोकावून विचारलं, बाकीची फॅमिली येतेय का? मी म्हटलं, काढा हो, एवढीच आहे.

फॅमिली पनवेलला होती. दुसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतल्या खुर्चीत.

आमच्या ह्यांना विसरण्याचा आजार जडला त्याला तेव्हा काही वर्षं होऊन गेली होती. कळंबोलीच्या लोखंड बाजारात एका पेढीवर त्यांनी उभा जन्म नोकरी केली. रोज स्कूटरने जायचे, स्कूटरने यायचे. एकदा घरी वळायच्याऐवजी सरळ कोन गावाच्याही पुढे गेले, आणि पेट्रोल संपल्यावर तिथल्या एका चहावाल्याला म्हणाले, मला जरा घरी सोडा, कुठल्या ते तुम्हीच ठरवा. चहावाल्याला वाटलं, चेष्टा करतायत. आम्हालाही बरेच दिवस तसंच वाटत राहिलं, कारण माणूस मुळात थट्टेखोर. चेष्टा कुठे संपली आणि आजार कुठून लागला, ते मला अजूनही नेमकं सांगता येत नाही.

मग त्यांच्या डोक्यातून एकेक माणूस उठून जायला लागला. आधी पेढीवरचे, मग सोसायटीतले. लेक पुण्याहून आली की तिला ते आपली बहीण समजायचे आणि गावाकडच्या, आपट्याच्या भाताची चौकशी करायचे. पोरगी कॉम्प्युटरवाली, तिला भात कुकरमधला ठाऊक. तरी बिचारी मोबाइलवर बघून यंदा पाऊस कसा आहे ते सांगायची. राहता राहिले मी. रोज सकाळी चहाचा कप हातात देताना मी त्यांच्या तोंडाकडे बघायची. "साखर कमी घातलीस," असं म्हणाले की माझा दिवस उजाडायचा. नवऱ्याने चहाला नावं ठेवली म्हणून खूश होणारी अख्ख्या पनवेलमध्ये मी एकटीच बायको असेन.

रात्री ते उठून दार उघडायला जायचे, त्यामुळे माझी झोप मांजरीसारखी झाली होती. शेवटी लेकीने मला न विचारता बोटीचं तिकीट काढलं. मुंबईहून निघायचं, दोन रात्री समुद्रावर काढायच्या, परत मुंबईला उतरायचं. काम एकच, झोपायचं.

बोटीचं खूळ माझं जुनंच. लग्नानंतर आम्ही एकदाच भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला गेलो होतो. मी पुढे उभी राहून वारा खात होते आणि हे मागे बसून सकाळचे पोहे समुद्राला अर्पण करत होते. रेवसला उतरल्यावर त्यांनी जाहीर केलं, यापुढे आपला पाण्याशी संबंध आंघोळीच्या बादलीपुरता. मी मात्र पेपरात मोठ्या बोटीची जाहिरात आली की ती त्यांच्या नाकासमोर धरायची. त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं. "तू जा की. समुद्र ओलांडून आलीस की मी दारात भाकरतुकडा ओवाळून तुला घरात घेईन." भाकरतुकडा ओवाळायचा तो बाळंतिणीवरून, दुखण्यातून उठलेल्यावरून, लांबून आलेल्या माणसावरून, आणि ओवाळायचा तो घरच्या बाईने. माझ्या सासूबाई आल्या माणसाला उंबऱ्याबाहेर थांबवून हे अगदी निगुतीने करायच्या. ह्यांनी भाकरीला जेवण्यापलीकडे कधी हात लावलेला नव्हता, म्हणून ती थट्टा. वर्षानुवर्षं तीच थट्टा, आणि मी वर्षानुवर्षं तेवढीच हसायची.

तिकीट हातात आलं तेव्हा मला भीती एकच होती आणि ती मी लेकीला सांगितली. मी दोन दिवस दिसले नाही आणि परत आल्यावर त्यांनी मला ओळखलंच नाही तर?

"आई, एवढ्या वर्षांचा संसार दोन रात्रींत पुसला जातो का?" ती म्हणाली.

तुला विसरायला त्यांना एक दुपार पुरली होती, हे माझ्या जिभेवर आलं होतं. गिळलं.

ह्यांची थोरली बहीण, माझ्या वन्सं, आपट्याहून सोबतीला येऊन राहिल्या. गोळ्या कधी, दाराला वरची कडी कशी, आमटी किती पातळ, असं माझं सुरू झाल्यावर त्या म्हणाल्या, "मी त्याला पाटावर बसवून न्हाऊ घातलंय. तू मला शिकवू नको." तरी मी सगळं पुन्हा एकदा सांगितलंच. निघताना ह्यांच्या समोर हॅट घालून उभी राहिले. म्हटलं, अहो, मी बोटीवर जातेय, परवा येते.

त्यांनी हॅटकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि डोळे अगदी पूर्वीसारखे बारीक केले. "म्हणजे भाकरतुकडा लागणार," म्हणाले.

ते शब्द पदराला बांधून मी निघाले. कुर्तीला पदर नव्हता ही गोष्ट वेगळी.

बोट म्हणजे आमच्या सोसायटीसारख्या दहा सोसायट्या एकावर एक ठेवून पाण्यात सोडाव्यात तशी होती. खोली दोघांची. पलंगावर टॉवेल मुडपून केलेली हंसांची जोडी, चोचीला चोच लावून बसलेली. मला एकटीला ते प्रदर्शन बघवेना, म्हणून एक हंस उचलून कपाटात ठेवला. थोड्या वेळाने कपाटातल्याचं वाईट वाटायला लागलं, तेव्हा त्याला परत आणून बसवलं. सुट्टीची सुरुवात ही अशी.

जेवायला गेले तर दारातल्या वेटरने विचारलं, कितने लोग? तोंडातून सवयीने निघून गेलं, दो. त्याने मला खिडकीजवळचं दोघांचं टेबल दिलं, दोन ग्लासांत पाणी ओतलं आणि अदबीने उभा राहिला. तो साहेबांची वाट बघत होता. आता चूक झाली म्हणून सांगायचं आणि उठून एकट्यादुकट्यांच्या मोठ्या टेबलावर जाऊन बसायचं, एवढं सोपं होतं. पण मी म्हटलं, साहेबांना बोट लागलीय, खोलीत पडलेत. रेवसच्या पोह्यांच्या वेळचं सत्य होतं ते, फक्त शिळं होतं. आणि आजारी माणसाला आजारीच म्हटलं, त्यात खोटं तरी किती?

खोट्याला जेवू घालावं लागतं, हे मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच वेटर धावत आला. साहेब कसे आहेत? काही पोटात राहतंय का? आणि माझ्यासाठी पुरी-भाजी आणताना वेगळ्या बशीत कोरडा टोस्ट आणि लिंबाची फोड घेऊन आला, साहेबांसाठी. ती बशी कागदी रुमालाखाली झाकून मी सगळ्या बोटीतून मिरवत खोलीत नेली. नेऊन टाकून द्यायची होती. पण मग दोन हंसांच्या मधे बसून मीच तो टोस्ट खाल्ला, लिंबू चोखलं, आणि असं रडू आलं की हंस उचलून तोंड पुसलं. त्याचा पुन्हा टॉवेल झाला.

झोपेचं म्हणाल, तर पहिल्या रात्री मी खोलीच्या दाराला आतून खुर्ची लावून ठेवली होती. कोणी उठून बाहेर जाऊ नये म्हणून. कोण जाणार होतं? झोप लागली ती दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वरच्या डेकवर. तिथे एक मोठा गुजराती कुटुंबकबिला कानठळ्या बसतील असा गरबा खेळत होता आणि मी आरामखुर्चीत तोंड उघडं टाकून झोपले होते. उठले तेव्हा अंगावर कुणाची तरी शाल होती आणि सगळं ऊन सरलेलं होतं. माझ्या अंगावर पांघरूण घातलं जाण्याची सवय मोडून किती दिवस झाले होते, ते मी तिथे बसून आठवत राहिले.

परतताना किनारा जवळ आल्यावर फोनला रेंज आली. वन्सं म्हणाल्या, सगळं ठीक आहे, पण सारखा विचारतोय, बोट कधी लागणार, ती कधी येणार.

मला विसरले नव्हते! वाशीचा पूल ओलांडताना माझं वय किती म्हणून कोणी विचारलं असतं तर मी वीस सांगितलं असतं. लेकीला मेसेज केला, तू म्हणालीस तेच खरं. हॅट मुद्दाम डोक्यावरच ठेवली, गॉगलही. म्हटलं, ह्याच थाटात दारात उभी राहते, बघू तरी काय म्हणतात.

दार वन्संनी उघडलं. आत, उंबऱ्याला लागून स्टुलावर एक बशी होती. तिच्यात तांदळाच्या भाकरीचा एक तुकडा, शेजारी पाण्याचं तांब्याचं भांडं. आणि स्टुलाजवळ खुर्ची टाकून हे बसलेले, इस्त्रीचा शर्ट घालून.

माझ्याकडे बघून ते उठून उभे राहिले. हात जोडले.

"या. बसा. कुठून आलात?"

वन्सं "अरे, ही तुझी" एवढं म्हणाल्या आणि मी मान हलवल्यावर थांबल्या. मी आत गेले. गॉगल काढला, हॅट काढून मांडीवर घेतली. त्यांच्या नजरेत काही हललं नाही. पाहुणीशी बोलावं तसं अदबीने बोलत होते. उन्हातून आलात, पाणी घ्या. वन्संना म्हणाले, ताई, चहा टाक ह्यांना. माझ्या स्वतःच्या घरात, माझ्याच कपातून, मी पाहुणीचा चहा प्यायले. साखर बरोबर होती.

बशी कसली, मी विचारलं.

"आमच्या हिची," ते म्हणाले. "बोटीने गेलीय. मी तिला सांगितलं होतं, आलीस की भाकरतुकडा ओवाळेन. तिला वाटलं, थट्टा करतोय." आणि डोळे बारीक करून हसले. दोन दिवसांपूर्वी माझ्याकडे बघून हसले होते, तसेच.

वन्सं ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या. त्यांनी मला मागाहून सांगितलं की सकाळी उठल्या उठल्या त्याने भाकरी करायला लावली, आणि तुकडा स्वतःच्या हाताने मोडून बशीत ठेवला.

मी बसून राहिले तसे ते अस्वस्थ व्हायला लागले. दाराकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे. पाहुण्याला जा म्हणायची आमच्याकडे रीत नाही. शेवटी म्हणाले, "ती येईलच आता. तुम्ही पुन्हा या ना, ती असताना."

मी उठले. येते म्हटलं आणि बॅग उचलून बाहेर पडले.

पहिल्या मजल्याच्या वळणावर, मीटरच्या पेट्यांखाली, पायरीवर बसले. एका बाईला तिच्याच घरातून इतक्या सभ्यपणे कोणी काढलं नसेल. रडायला तिथे सोय नव्हती, खालच्या भाभींच्या घरातून मासळी तळल्याचा वास येत होता आणि त्या केव्हाही दार उघडतील अशी धास्ती होती. मग मला फोटोतले ते मोकळे केस आठवले; घरातून निघताना अंबाडा होता, तो मी बोटीवर चढताना सोडला होता. केस आवळून अंबाडा घातला. पर्समधून टिकली काढून लावली. फुलाफुलांच्या कुर्तीवर बॅगेतली माझी जुनी, घरात वापरायची ओढणी घेतली. हॅट तिथेच मीटरच्या पेटीवर ठेवून दिली. आणि परत वर जाऊन बेल वाजवली.

या वेळी दार त्यांनी उघडलं. बशी हातातच होती.

"थांब, आत येऊ नको," म्हणाले.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. त्यांनी तुकडा माझ्यावरून ओवाळला, सासूबाई ओवाळायच्या तसा, डोक्यापासून पायांपर्यंत. पुरुषमाणूस असून एकदाही चुकले नाहीत. माझ्या डोळ्यांना पाणी लावलं. तेवढी जागा कोरडी नव्हतीच. मग तुकडा जिन्यात भिरकावला, तो नेमका भाभींच्या पायपुसण्यावर जाऊन पडला.

"उशीर केलास," ते म्हणाले.

उंबरा ओलांडून मी आत आले आणि त्यांच्या दंडाला धरून नुसती उभी राहिले. आता सगळं झालं, असं मला वाटलं. मिळालं.

तेवढ्यात त्यांनी माझ्या खांद्यावरून जिन्याकडे बघितलं.

"तुला भेटल्या का गं खाली त्या बाई? आत्ताच गेल्या. चांगल्या होत्या बोलायला. पण एकट्याच होत्या गं. कोणी पोचवायलासुद्धा आलं नव्हतं."

मी म्हटलं, हो, भेटल्या.

"मग जेवायला नाही का थांबवायचंस," म्हणाले, आणि माझ्या हातातली बॅग घेऊन आत गेले.