मी पळवलेला पांडू

चहा येऊ द्या आधी. आपल्याच हातानं केलेला घोटाळा रिकाम्या पोटी सांगवत नाई मले. हसू आलं तर हसा बिनधास्त, मी वाईट मानत नाई. अन् शेवटी शेवटी नाई आलं, तरी चालते.

मी रफीक. भद्रावतीचा. तीस वर्षं पाट्या रंगवल्या. दुकानाच्या, दवाखान्याच्या, निवडणुकीच्या. मग ते फ्लेक्स आले अन् आपला ब्रश वाळून गेला. घरी बसून माशा मारून राह्यलो होतो, तेवढ्यात जंगलातल्या एका बंद खाणीवर पाट्या रंगवायचं काम निघालं. लोखंडाची खाण. आधी तिथं लाल डोंगर होता म्हणे. लोकायनं खणून खणून त्या डोंगराचा खड्डा केला. माणसं घण मारत, बाया टोपल्या वाहत, दगड ट्रॉलीत, ट्रॉली रुळावर. मग एक दिवस खाण बंद पडली. खड्ड्यात पावसाचं पाणी भरलं, काठावर झाडं माजली, अन् बरीच वर्षं तिकडे अस्वलाशिवाय कोणी फिरकलं नाई.

मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, इथं पर्यटन करू!

आता तिथं गेट हाय, बगीचा हाय, पाण्यात बदकाच्या तोंडाच्या नावा हाय. जुन्या ट्रॉलीले पिवळा रंग देल्ला, तो मीच देल्ला, अन् आता लोक तिच्यात बसून फोटो काढतात. मुकादम जिथं हजेरी घ्यायचा, त्या खोलीत जुने फोटो लावले हाय.

गाईड म्हणून जो माणूस ठेवला, तो आठ दिवसांत पळाला. मॅनेजर साहेब मले म्हणाले, "रफीकभाई, तुमचं तोंड तसंही बंद नसतं. तुम्हीच सांगा ना लोकांना."

आता मले खाणीची माहिती किती? पाट्यांवर जेवढी रंगवली तेवढी! पण लोक नागपूरहून येतात, त्यायले काय आकडे ऐकायचे असतात का? त्यायले गंमत पाहिजे. अन् गंमत मी कुठूनही काढतो.

त्या खोलीत एक मोठा फोटो हाय. मजुरांचा. वीस-पंचवीस माणसं ताठ उभी, जसं काही कोणी त्यायले फासावर देऊन राह्यलं. पण एकदम कडेले एक पोरगा हाय. त्याचं तोंडच दिसत नाई. फोटो निघताना हलला असन, तोंडाच्या जागी नुसता धुरासारखा डाग. बाकी अंग साफ दिसते. एका पायावर उभा, दुसरा पाय वर उचलून गुडघ्याले टेकवलेला.

बस्स! मले मसाला भेटला.

"हा पाहा पळपुटा पांडू!" मी म्हणायचो. "फोटोवाला म्हणाला, हलू नका. तेवढ्यात मागून वाघानं डरकाळी फोडली. बाकीचे जागच्या जागी थिजले, पांडूनं मात्र एक पाय उचलला! पाहा, उचललेलाच हाय! तो जो पळाला, तो थेट आसिफाबादले जाऊन थांबला. तिथं चहाची टपरी टाकली, तेलंगी बायको केली. आजही कोणी जोरात शिंकलं तर टपरीखाली घुसते!"

काय हसायचे लोक! मी फोटोखाली ब्रशनं नावच टाकून देल्लं, 'पळपुटा पांडू'. लोक त्या फोटोजवळ एक पाय वर करून सेल्फी काढायले लागले. मॅनेजर साहेब खूश, मी तर हवेतच.

अन् मग एक दिवस जिवतीकडून बचत गटाच्या बायायची सहल आली.

तीस बाया. मी रंगात आलो. वाघाची डरकाळी मी स्वतःच्या तोंडानं काढतो, ती काढली. बाया खो-खो हसल्या. एक म्हातारी मात्र हसून नाई राह्यली. सत्तरीची असन. कपाळावर गोंदण, पायात चप्पल नाई. ती फोटोच्या इतक्या जवळ गेली का तिचा श्वास काचेवर लागला.

बाकीच्या बाया नावेकडे गेल्या. ती तिथंच.

"भाऊ," ती म्हणाली, "हा आसिफाबादले हाय?"

"हो ना बाई! मस्त हाय!" मी म्हटलं.

"हा माझा तम्मूर हाय. लहाना भाऊ. जंगू." तिनं त्या उचललेल्या पायावर बोट ठेवलं. "ढोरं राखताना असाच उभा राहे. माय चिडवे त्याले, बगळा म्हणून. असा आमच्या गावात दुसरा कोणीच उभा राहत नोता."

आता सांगा, इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? कान धरून म्हटलं असतं, बाई, मी गंमत केली. मीही तेच म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. पण ती थांबायले तयारच नोती.

"लग्न ठरलं होतं त्याचं. म्हणाला, चार महिने खाणीवर जातो अन् येतो. मग मुकादमाचा निरोप आला, तुमचा पोरगा पळाला. लोक म्हणाले, लग्नाले भिऊन पळाला. पोरीवाल्यायनं आमच्या दारात येऊन थुंकलं, भाऊ. त्याच्यापायी माझी सोयरीक मोडली. माय मरेपर्यंत त्याचं नाव नाई घेतलं तिनं. मी बी नाई घेतलं." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उजळला का मले पाहवेना. "तू म्हणतोस, तो वाघाले भ्याला?"

"वाघाले," मी म्हटलं. कसं निघालं तोंडातून, अल्ला जाणे.

"लग्नाले नाई?"

"लग्नाले कायले भिईन? वाघ होता बाई, वाघ!"

"मंग वाघाले तर कोणी बी भीन!" अन् ती हसली. दोन दात होते, पण काय हसली!

इथंच थांबलो असतो तरी निभलं असतं. पण तिनं विचारलं, "भावजय कशी हाय?"

माझी जीभ म्हणजे ब्रेक फेल झालेला ट्रक. "गोरी हाय," मी म्हटलं. "पोचम्मा नाव तिचं."

"लेकरं?"

"दोन पोरी."

का सांगितल्या मी त्या पोरी? कोणी मागितल्या होत्या? अजून झोपताना ध्यानात येते अन् मी उशीत तोंड खुपसतो.

तिच्याजवळ नातीचा फोन होता, त्यात तिनं माझा नंबर टाकून घेतला. मी म्हटलं, जाईन गाडी, विसरून जाईन म्हातारी.

आठव्या दिवशी फोन आला. "जोहार भाऊ! मी भीमबाई. राजुऱ्याच्या स्टॅन्डवर बसली हाय. आसिफाबादची गाडी कोनती?"

माझ्या हातातला चहा पायावर सांडला. "एकट्याच निघाल्या?"

"मंग? भावाच्या घरी जायले सोबत कायले लागते?"

"हलू नका बाई! मी येतो! मी येतपर्यंत कुठी जाऊ नका!"

चंद्रपूर, तिथून राजुरा, दोन गाड्या बदलून पोचलो. रस्ताभर एकच वाक्य घोकत होतो: बाई, मी खोटं बोललो. बाई, मी खोटं बोललो. स्टॅन्डवर ती बाकावर बसली होती. मांडीवर पिशवी. मले पाहून तिनं पिशवी उघडली. आत एक हिरवं नवंकोरं लुगडं. "पोचम्मासाठी. गोऱ्या बाईले हिरवं शोभते ना?" अन् खाली दोन परकर-पोलके. "पोरी तर आता मोठ्या असतील, पण म्हटलं आत्याकडून काहीतरी. त्यायच्या लेकरायले होईल."

तेवढ्यात गाडी लागली. ती चढली. मी काय केलं? मी बी चढलो!

गाडीत ठरवलं, दोन-चार टपऱ्या फिरवू, म्हणू जंगू इथून उठून गेला, कुठी गेला माहीत नाई. म्हणजे एक खोटं झाकायले दुसरं. माणूस खड्डा खणायले लागला का खणतच जाते बघा.

पण आसिफाबादच्या स्टॅन्डसमोरच टपरी! अन् टपरीवर म्हातारा! अन् तो म्हातारा एका पायावर जोर देऊन उभा!

भीमबाई जागच्या जागी थांबली. तिचा हात माझ्या मनगटावर. असा गच्च धरला का बांगडी माझ्या हाडाले लागली.

"तुमी बसा," मी म्हटलं. "मी आधी बोलून येतो."

मी टपरीमागे गेलो. म्हाताऱ्याले पांढरी दाढी, डोक्यावर जाळीची टोपी. माझ्याच जातकुळीचा माणूस. नाव अब्दुल. गुडघा दुखते म्हणून एक पाय ढिला सोडून उभा राहत होता बिचारा. पण माझं डोकं त्या वेळी जागेवर नोतं. मी हात जोडले.

"चाचा, दो मिनट के वास्ते जंगू बन जाओ."

"क्या बन जाऊं?"

मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. चहाचं भांडं खाली ठेवलं.

"मियाँ, झूठ तुम्हारा, बहन उनकी, और भाई मैं?" तो म्हणाला. "नक्को. उनो मेरेकू गले लगाएँगे, रोएँगे. फिर मैं किधर कू जाऊं? जाके सच बोलो. चाय मैं लाता."

आता मात्र पळायले जागा नोती.

मी तिच्यासमोर जमिनीवरच बसलो. म्हटलं, "बाई, तो जंगू नाई. इथं जंगू नाईच. मी गोष्ट बनवली होती. लोकायले हसवायले."

तिले आधी कळलं नाई. मग एकेक विचारलं, हळूहळू, जसं कोणी घर आवरते तसं.

"टपरी?"

"नाई, बाई."

"वाघ?"

"वाघ बी नाई."

"पोचम्मा?"

मी मान हलवली.

"मंग त्या पोरी?"

रस्त्यानं गाड्या जाऊन राह्यल्या होत्या, कंडक्टर तेलगूत ओरडत होता, अन् मी पंचावन्न वर्षांचा बाप्या भर स्टॅन्डवर नाक पुसत होतो.

"भावाले तर मी कधीचीच रडून बसली होती," ती म्हणाली. आवाज चढवला नाई तिनं. चढवला असता तर बरं झालं असतं. "पोरी काऊन देल्ल्या रे तू मले? आठ दिवस मी त्यायच्यासाठी नावं शोधून राह्यली होती."

चाचा तीन चहा घेऊन आले. तिले एक देल्ला, मले एक देल्ला, अन् स्वतः तिच्या बाजूले बसले. तिनं पूर्ण चहा पिला. मग म्हणाली, "फोटो तरी खरा हाय का?"

"फोटो खरा हाय, बाई. कसम से."

"मंग तो तिथवर होता." तिनं लुगड्याची घडी परत पिशवीत घातली. "तिथून पुढी कोनालेच माहीत नाई."

परतताना गाडीत ती खिडकीतून पाहत होती. मी विचार करत होतो त्या खड्ड्याचा. केवढा दगड कोसळला असन तिथं त्या काळात. अन् मुकादमाच्या वहीत एकदा 'पळाला' लिहिलं का विचारायचं कामच संपते. वाघाची गरजच नाई. पण हे मी तिले बोललो नाई. मले तरी काय माहीत? अन् माझ्या गोष्टी तिनं पुष्कळ ऐकल्या होत्या.

राजुऱ्याले उतरल्यावर मले म्हणाली, "जाय घरी. सकाळपासून उपाशी दिसतोस." शिव्या देल्ल्या असत्या तर मी जेवलो असतो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्याबरोबर टर्पेंटाइन घेतलं अन् 'पळपुटा पांडू' पुसून टाकला. त्या जागी लिहिलं, 'जंगू, जिवतीकडचा'. तीस वर्षांत इतकं हळू अक्षर मी कधी काढलं नोतं.

दुपारी एक कुटुंब आलं. साहेब, बाईसाहेब, मोठा कॅमेरा. साहेबानं त्या फोटोकडे बोट दाखवलं. "ह्याचा चेहरा का दिसत नाही?"

"हलला असन," मी म्हटलं.

"मग पुढे काय झालं ह्याचं?"

गोष्ट जिभेवर होती. डरकाळीसकट. मी गिळली.

"माहीत नाई," मी म्हटलं.

"म्हणजे? खाणीत कधीपर्यंत होता? गेला कुठे?"

"माहीत नाई, साहेब. खरंच माहीत नाई."

साहेबानं कपाळाले आठ्या घातल्या अन् बाहेर निघून गेला. संध्याकाळी मॅनेजर साहेबानं मले केबिनमध्ये बोलावलं. समोर तक्रारवही उघडी. सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं: 'येथील गाईडला कशाचीही काहीही माहिती नाही. त्वरित बदलावा.'

"रफीकभाई, हे काय आहे?" ते म्हणाले. "खुलासा लिहा ह्याच्याखाली."

मी पेन घेतला. वाचलं. परत वाचलं. अन् खाली लिहिलं, 'बरोबर आहे,' अन् सही ठोकली.